सीमेपलीकडचा उतार

मित्रांनो, मला चार चाकं आहेत, दोन दिवे आहेत, एक हॉर्न आहे. पण तोंड नाही. हॉर्न वाजवायलासुद्धा दुसऱ्याचा हात लागतो. त्यामुळे मला भीती वाटली तरी ती कुणाला सांगता येत नाही. आज सांगते.

मी एक जुनी मिनीबस आहे आणि मला उताराची भीती वाटते.

लहानपणी वाटत नव्हती. कारखान्यात माझ्याबरोबर आणखी पुष्कळ जणी तयार झाल्या, सगळ्या पांढऱ्या, सगळ्या सारख्या. एका माणसाने माझ्याखाली झोपून ब्रेकच्या नळ्या जोडल्या. त्याचे फक्त बूट बाहेर होते. मग तो उठला, पेडल दाबून बघितलं, आणि "झालं" म्हणाला. माझ्या जन्माची तेवढीच आठवण आहे.

पहिली काही वर्षं मी एका कचेरीतल्या लोकांची ने-आण केली. रस्ता सपाट, माणसं पेंगुळलेली. मग मला एका नवरा-बायकोने विकत घेतलं. त्यांना मी मालक आणि बाई म्हणते. मालक गाडी चालवायचे आणि कमी बोलायचे. बाई शेजारच्या सीटवर बसून त्यांच्या वाटणीचंही बोलायच्या. दोघांचा धंदा एकच होता. दहा-बारा माणसं घ्यायची, सकाळी निघून सीमा ओलांडायची, डोंगर चढून धबधबे दाखवायचे, पलीकडच्या बाजूने उतरून जुन्या शहरात न्यायचं आणि संध्याकाळी खालच्या सपाट रस्त्याने परत आणायचं.

माझे ते दिवस फार चांगले गेले. बाईंनी स्वतः शिवून मला निळी कव्हरं घातली. धबधब्यापाशी लोक माझ्या काचेवर बोटाने नावं लिहायचे, कारण तिथे तुषार उडून काच कायम ओली असायची. जुन्या शहराच्या वेशीतून मी आत गेले की दुकानदार बाहेर येऊन बाईंशी गप्पा मारायचे. परतताना लोक म्हणायचे, "गाडी जुनी आहे, पण अंगाला जरा धक्का लागला नाही." तेव्हा मालक माझ्या दारावर एक थाप मारायचे. ती थाप मला पुरायची.

बाईंची एक खोड होती. दर हंगामाच्या सुरुवातीला माझं ब्रेकचं तेल बदलायचंच. लोक जुन्या शहरात फिरायला गेले की वेशीजवळच्या मिस्त्रीकडे मला उभं करायचं आणि तो काम करीपर्यंत शेजारी उभं राहायचं. मालक कुरकुरायचे.

"अगं, गेल्या वर्षीच तर बदललं."

"गेल्या वर्षी तुम्ही जेवलाही होतात. मग आज ताट घेऊन का बसलात?"

मिस्त्री खाली झोपल्या झोपल्या हसायचा.

मित्रांनो, त्याने बाईंना जे सांगितलं होतं ते तुम्हालाही सांगते. ब्रेकच्या तेलात हवेतलं पाणी हळूहळू मुरतं. लांब उतारावर ब्रेक तापले की ते पाणी उकळतं आणि त्याची वाफ होते. मग पेडल कितीही दाबा, नुसती वाफ दाबली जाते. चाकाला कुणी धरतच नाही. बाईंनी हे एकदा ऐकलं आणि त्या कधी विसरल्या नाहीत.

एका हिवाळ्यात बाईंना ताप आला. मालकांनी त्यांना माझ्या मागच्या लांब सीटवर निजवलं आणि दवाखान्यात नेलं. एवढं हळू त्यांनी मला कधी चालवलं नव्हतं. काही दिवसांनी ते एकटेच बाहेर आले. हातात बाईंच्या चपला होत्या. त्या त्यांनी शेजारच्या सीटखाली ठेवल्या. आम्ही घरी पोहोचलो, तरी ते बराच वेळ उतरले नाहीत. किल्ली फिरवून इंजिन बंद करायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

पुढे हंगाम सुरू झाला. सीमेवर शिक्का मारणारा तरुण अधिकारी होता, तो नेहमीसारखा खिडकीशी आला.

"काका, मावशी कुठे आहेत?"

मालकांनी कागद पुढे केले. मग ते म्हणाले, "घरी आहे. सर्दी झालीय तिला."

माझं इंजिन चालू होतं, तरी मला गार वाटलं.

मग माझ्या ध्यानात आलं. आमच्या गावातले सगळे लोक बाईंना पोहोचवायला आले होते. पलीकडच्या लोकांना काहीच ठाऊक नव्हतं. सीमेच्या अलीकडे बाई गेल्या होत्या. पलीकडे त्यांना नुसती सर्दी झाली होती. मालक आता दर आठवड्याला सीमा ओलांडत होते, गिऱ्हाईक कमी असलं तरी.

सर्दी किती दिवस टिकणार? मग गुडघा दुखू लागला. मग बाई भाचीच्या बाळंतपणाला गेल्या. तो अधिकारी एकदा म्हणाला, "काका, बाळंतपण चाललंय की पुलाचं बांधकाम?" मालक हसले. मला त्या हसण्याची भीती वाटली.

जुन्या शहरातले लोक बाईंसाठी काहीबाही पाठवू लागले. बटणवालीने बटणांची पुडी दिली. साबणवाल्याने वड्या दिल्या. मालक सगळं घ्यायचे, "देतो तिला" म्हणायचे आणि शेजारच्या सीटवर ठेवायचे. हळूहळू तिथे ढीग झाला. त्या सीटवर ते कुणाला बसू देत नसत.

पण मिस्त्रीला फसवणं अवघड होतं. तो आवाजावरून इंजिनाचा आजार ओळखायचा, त्याच्यापुढे माणसाच्या आवाजाचं काय चालणार? म्हणून मालकांनी वेशीचा रस्ताच सोडला. मागच्या लहान दरवाजाने ते मला शहरात न्यायचे आणि तसेच बाहेर काढायचे. दुसऱ्या कुणाच्या हाताखाली मला द्यायचं त्यांच्या मनात येत नव्हतं. तेल तसंच राहिलं. चाकं धरणारे ब्रेकचे लायनरही झिजत गेले.

माझी भीती तिथून सुरू झाली. आधी पेडल थोडंसं दाबलं की चाकं धरली जायची. आता पाय खोल जायचा. मी कर्कश आवाज करून बघितला. मालकांनी खिडकीची काच वर केली. मी एका बाजूला ओढून बघितलं. त्यांनी स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला घट्ट धरलं. उतार संपला की मला वाटायचं, आज वाचलो. आणि लगेच वाटायचं, पुढचा आठवडा आहेच.

त्या दिवशी मागच्या सगळ्या सीटा भरल्या होत्या. एक आजी होत्या, त्यांची सून होती, आणि अगदी मागे एक लठ्ठ गृहस्थ होते, ते सारखे कुणाला ना कुणाला हसवत होते. चढावरच आजींना मळमळायला लागलं.

सून म्हणाली, "अहो, ती पुढची सीट मोकळी करता का? आईंना त्रास होतोय."

"ती रिकामी नाही."

"सामान तर आहे नुसतं."

"बायकोची सीट आहे," मालक म्हणाले.

"मग त्या कुठे आहेत?"

मालकांनी गिअर बदलला. मागून गृहस्थ म्हणाले, "राहू द्या हो, माझ्याही बायकोची सीट अशीच असते. ती घरी असली तरी मी बसत नाही." सगळे हसले.

धबधब्यापाशी आजींना उलटीही झाली. बाकीचे ओले होऊन फोटो काढत होते. आजी माझ्या पायरीवर बसल्या होत्या. त्या मालकांना म्हणाल्या, "बाळा, मी ते सगळं मांडीवर घेऊन बसते. तुझ्या बायकोचं काही सांडू देणार नाही."

मालक वळसा घालून पुढच्या दाराशी आले. मग त्यांनी दार उघडलं. आजी ढीग मांडीवर घेऊन बसल्या. पुड्यांवर धूळ होती. आजींनी पदराने ती पुसली आणि काही विचारलं नाही.

मग आम्ही उतरायला लागलो.

मित्रांनो, त्या उताराला एका बाजूला डोंगराची भिंत आहे आणि दुसऱ्या बाजूला दरी. दरीच्या बाजूला मध्ये मध्ये दगड रोवलेले आहेत, पण ते माझ्यासारखीला अडवण्यापुरते नाहीत. रस्ता तुषारांनी ओला होता. मी माणसांनी भरलेली होते. पहिल्या वळणावरच ब्रेक तापले. दुसऱ्या वळणानंतर माझ्या चाकांतून धूर यायला लागला.

"काहीतरी जळतंय का?" सून म्हणाली.

"माझ्या पोटात आग पडलीय," मागचे गृहस्थ म्हणाले. "जेवण कुठे आहे विचारा."

पुढचं वळण आलं. मालकांनी पाय दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं.

काहीच झालं नाही. चाकं फिरतच राहिली. मालकांनी पाय उचलून पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. माझ्या नळ्यांमध्ये नुसती वाफ होती. कसंबसं त्यांनी ते वळण घेतलं. मागे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. कुणीतरी म्हणालं, "मस्त चालवतात." मला ओरडायचं होतं. अंगातला प्रत्येक पत्रा थरथरत होता आणि मला ओरडता येत नव्हतं.

आजींनी मालकांच्या पायाकडे बघितलं. मग हळूच, मागे ऐकू जाणार नाही अशा आवाजात, त्यांनी विचारलं, "बाळा, लागत नाहीये का?"

मालक म्हणाले, "नाही, नाही. सगळं ठीक आहे."

मित्रांनो, तो आवाज मी ओळखत होते. "घरी आहे, सर्दी झालीय" म्हणतानाचा तोच आवाज होता. तेव्हा मला कळलं की आता आम्ही सगळे जाणार. ब्रेक गेले म्हणून नव्हे. मालक हे कुणाला सांगणारच नाहीत म्हणून.

आजींनी आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, "मी काय विचारलं? लागत नाहीये का?"

मालकांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला.

"लागत नाहीये," ते म्हणाले.

"मग काय करायचं ते सांग."

"सगळ्यांना पट्टे बांधायला सांगा. पुढची सीट धरून डोकं खाली."

आजींनी मान वळवून सगळ्यांना असं काही खडसावलं की गृहस्थांचा अर्धा विनोद तोंडातच राहिला. बाईंच्यानंतर माझ्यात तेवढ्या मोठ्याने कुणी बोललं नव्हतं. मालकांनी गिअर खाली आणला. माझं इंजिन किंचाळलं. मी दात घट्ट धरून वेग अडवत होते, खरंच दात, गिअरचे दात. त्यांनी आणखी एक गिअर खाली टाकला. मला वाटलं, मी आतून फुटणार. हँडब्रेक हळूहळू ओढला. मागची चाकं घसरली. पुढे वळण होतं आणि त्यापलीकडे आभाळ होतं.

"आता घासणार," मालक म्हणाले. ते आजींना म्हणाले की मला, ते मला अजून माहीत नाही.

त्यांनी मला डोंगराच्या भिंतीला लावलं. आधी आरसा गेला. मग पत्रा दगडावरून फरफटत गेला, दाराची मूठ तुटली, काच फुटून आजींच्या पदरात पडली. घासत घासत मी हळू झाले. आणखी हळू झाले. वळणाच्या अलीकडे थांबले.

माझ्या चाकांतून धूर येत होता. मग सून रडायला लागली आणि मागचे गृहस्थ तिला म्हणाले, "रडा, रडा, मीही आलोच." आणि ते खरंच रडायला लागले. कुणाला फारसं लागलं नव्हतं. आजींच्या दंडावर एक चीर होती. बटणांची पुडी फाटून बटणं सगळीकडे सांडली होती.

लोकांना न्यायला खालून दुसरी गाडी आली आणि तिच्या मागून मला ओढून न्यायला टोचनाचा दोर घेऊन मिस्त्रीचा ट्रक आला. मिस्त्री उतरला, माझ्याभोवती फिरला, खाली झोपला. नळी सोडून त्याने तेल डबीत घेतलं. ते चहासारखं काळपट होतं.

त्याला राग आला. "हे काय आहे? वहिनी असताना ही वेळ येतेच कशी? कुठे आहेत त्या?"

मालक माझ्या पायरीवर बसले होते. ते म्हणाले, "ती नाही आता. हिवाळ्यातच गेली."

मिस्त्रीने डबी खाली ठेवली आणि फडक्याला हात पुसले. हात स्वच्छ झाले तरी तो पुसतच राहिला.

"आणि मी इथे तुम्हाला शिव्या घालतोय," तो म्हणाला. "की दोघं मागच्या दाराने जातात आणि चहालाही थांबत नाहीत."

तो मालकांच्या शेजारी पायरीवर बसला. "सांग," म्हणाला.

मालकांनी सांगितलं. ताप कसा आला, डॉक्टर काय म्हणाले, शेवटी बाईंनी काय मागितलं. त्यांनी पाणी मागितलं होतं आणि ते येईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. हे मीही पहिल्यांदाच ऐकलं. आजी दुसऱ्या गाडीत बसल्या नव्हत्या. त्या रस्त्यावरची बटणं वेचत होत्या आणि वेचता वेचता ऐकत होत्या. त्या दिवशी सीमेच्या पलीकडेही बाई गेल्या.

मिस्त्रीने मला पुन्हा उभं केलं. नवे लायनर बसले, नवं तेल आलं, पत्रा ठोकून सरळ झाला. पण एका अंगाला दगडाचे ओरखडे राहिले. मालकांनी ते रंगवू दिले नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी, तुमच्या दारात माझ्यासारखं काहीतरी असेल. ते बोलत नाही. आवाज करतं, ओढतं, तापतं, जळका वास सोडतं. काच वर करू नका. उतरा, वाका आणि बघा. आणि तुमच्या शेजारी बसलेलं माणूस "सगळं ठीक आहे" म्हणालं, तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. त्या आजींनी दुसऱ्यांदा विचारलं, म्हणून मी आज तुमच्याशी बोलते आहे.