पावलांची पसंती

मी गालिच्याचा तुकडा बोलतोय. हसू नका! अख्खा गालिचा नसलो म्हणून काय झालं? दोन पावलं मावतील एवढाच माझा पसारा, पण रंग असा लालभडक, की दुकानात शिरणाऱ्याची नजर थेट माझ्यावर. नमुना घरी न्यायचा, आपल्या दिव्याखाली बघायचा आणि परत आणून द्यायचा, ही आमच्या दुकानाची रीत. अशी नऊ घरं हिंडून आलोय मी.

एके काळी मी लांबलचक गुंडाळीचं टोक होतो. दुकानदाराने कात्री चालवली, माझ्या कडा शिवल्या. माझे भाऊबंद कुणाकुणाच्या घरी गेले, मी राहिलो टेबलावर. वाईट वाटलं? छे! त्यांनी एकेका घरात तुडवून घ्यावं, मी जग बघावं.

माणसांची एक गंमत सांगतो. घ्यायचा तो पायाखाली, आणि पसंत करणार डोळ्यांनी! चप्पल काढून माझ्यावर उभं राहिलेलं गिऱ्हाईक मला आठवत नाही. माझी तरी कुठे तक्रार होती म्हणा. माझी सगळी ऐट रंगावरच.

मग एक नवरा-बायको आले. त्याला हवा होता मळखाऊ राखाडी, तिचं मन माझ्यावर. शेवटी मी आणि एक राखाडी तुकडा, दोघंही त्यांच्या घरी निघालो.

घरात जुना गालिचा होता. रंग पार उडालेला. खुर्चीपासून दारापर्यंत आणि दारापासून बाथरूमपर्यंत तर झिजून पायवाटच पडलेली. ती खुर्ची बाबांची, म्हणजे तिच्या सासऱ्यांची.

"चांगला आहे की अजून! कशाला उगाच नवीन?" बाबा कुरकुरले.

"बाबा, चिंध्या झाल्यात त्याच्या," मुलगा म्हणाला. म्हातारा चिक्कू आहे, असंच मलाही वाटलं.

सुनेने मला नेमकं त्या पायवाटेवर ठेवलं. बाबा उठले, ताठ मानेने आले आणि सरळ माझ्यावर पाय देऊन दचकले. अंगठ्याने मला चाचपडत राहिले. अहो, मी! दारातून दिसणारा मी! मला असा राग आला म्हणता!

सून बघत होती. तिने मला उचललं, त्यांच्यासमोर धरलं आणि हळूच विचारलं, "बाबा, हा राखाडी कसा वाटतो?"

"झकास! राखाडीच घ्या."

राखाडी? कोण, मी? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात वर बघतो तर तिचे डोळे भरलेले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हातारा चिक्कू नव्हता. त्या झिजलेल्या पायवाटेच्या आधाराने तो घरभर हिंडत होता, आणि आम्ही ती पुसायला निघालो होतो.

बाबा बाथरूममध्ये गेल्यावर तिने चपला काढल्या, डोळे मिटले आणि खुर्चीपासून दारापर्यंत चालून बघितलं. कुठे अडखळली नाही. माझ्या आयुष्यात इतकी चोख पारख कुणी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मला बगलेत मारून ती नवऱ्यासह दुकानात हजर.

"खोलीभर हा लाल. पण खुर्चीपासून दारापर्यंत आणि तिथून बाथरूमपर्यंत खरखरीत पट्टा हवा."

"ताई, एका खोलीत दोन तऱ्हा? लोक हसतील," दुकानदार म्हणाला.

"हसू देत. पायाला कळलं पाहिजे."

"वेड लागलंय का तुला?" नवरा वैतागला.

"अहो, बाबांना दिसत नाही."

तो तिथेच एका गुंडाळीवर मटकन बसला. मग उठून दुकानदाराला म्हणाला, "ती म्हणते तसंच करा."

तिने मलाही परत दिलं नाही. खुर्ची आली हे पायाला कळावं म्हणून खुर्चीपुढे मला चिकटवून टाकलं, कडा अगदी घट्ट.

पहिल्या दिवशी बाबा बाथरूममधून निघाले. मुलगा हात द्यायला धावला, तिने त्याला मागे ओढलं. बाबा थबकले. तळव्याला पट्टा लागला आणि गडी निघाला! दार, मग वळण, मग मी. माझ्यावर दोन्ही पाय रोवून ते उभे राहिले.

"कळलं म्हणायचं तुम्हाला," ते म्हणाले. "सांगितलं असतं, तर मला जागचं हलू दिलं नसतंत."



आता मी काही पुढचं घर बघणार नाही, आणि त्याची हळहळही नाही. तुम्हाला एकच सांगणं: गालिचा घ्यायला निघालात, तर आधी आपल्या घरात कोण कसं चालतं ते बघा. रंगाचं काय, तो मागाहून विचारता येतो. बाबांनीही मागाहूनच विचारला. खुर्चीत टेकले, अंगठ्याने मला कुरवाळलं आणि पहिल्यांदाच उघडपणे म्हणाले,

"सूनबाई, रंग कोणता गं याचा?"