क्विन्लनचा कोरा चौकोन

आई गेल्यानंतरच्या सात आठवड्यांत मी लीगच्या कार्यालयाला सहा पत्रं पाठवली. सहाही वेळा एकच उत्तर आलं: आपल्या प्रेमाबद्दल आम्ही आभारी आहोत. प्रेमाबद्दल मी काही लिहिलंच नव्हतं. सात जूनचा अर्धवट राहिलेला सामना पुढे कधी खेळवणार, एवढंच विचारलं होतं.

महिलांच्या व्यावसायिक सॉफ्टबॉलमागे आईने एकोणीस उन्हाळे गाडी पळवली. तेवढ्या काळात तिच्या आवडीचे चार संघ बंद पडले, एक लीग अख्खी बुडाली. दर वेळी ती महिनाभर गप्प असायची आणि मग दुसऱ्या कुठल्यातरी संघाची टोपी विकत आणायची. प्रत्येक सामना ती वहीत पेन्सिलीने टिपायची. फलंदाजीला आलेल्या प्रत्येक मुलीचा एक चौकोन, तिचं काय झालं ते त्यात. सात जूनच्या पानावर, पाचव्या डावात दोन बाद झाल्यावर क्विन्लनचा चौकोन कोरा आहे. त्या दिवशी विजा चमकायला लागल्या आणि खेळ थांबवला, हे मला माहीत होतं. तिसरी बाद झाल्याशिवाय डाव संपत नाही, आणि सात डावांच्या सामन्यात निदान पाच पुरे झाल्याशिवाय निकाल धरत नाहीत. उरलेला खेळ ते दोन संघ पुन्हा भेटतील तेव्हा होतो. ते पंधरा ऑगस्टला पिओरियात भेटणार होते. आईचं शेवटचं पान मला पुरं करायचं होतं.

लीगच्या संकेतस्थळावर तो सामना संपलेला, आमचा संघ तीन-दोनने हरलेला दिसत होता. पण त्याच संकेतस्थळावर आमच्या कॅचरचा फोटो अर्धा हंगाम पिचर म्हणून झळकत होता. मी वहीवर विश्वास ठेवला आणि डेटनहून साडेपाच तास गाडी चालवत गेले.

मैदानाच्या फलकावर एकच सामना लिहिला होता, चार वाजताचा. अधिकृत स्कोअरर हॅल्वर्सन स्टँडमागच्या खोलीत शेंगदाणे सोलत बसला होता. त्याने कागद काढला, चष्मा लावला आणि सांगितलं की पाचवा डाव पुरा झाला होता, सामना संपला होता. मी वही त्याच्यापुढे सरकवली.

"बाई, तुमच्या आईंची वही मी मानतो," तो म्हणाला. "गेल्या वर्षी माझी एक चूक त्यांनीच काढली होती, चारचौघांत. पण हे बघा, तिसरी बाद. क्विन्लन. उंच उडालेला चेंडू फर्स्ट बेसवालीने झेलला."

मी म्हटलं, तुमच्याकडून चूक झाली असेल. तो म्हणाला, पंचांचीही सही आहे. मी म्हटलं, पंच पावसात पळायच्या घाईत होते. माझा आवाज चढला होता आणि मला तो आवरत नव्हता. त्याने शेंगदाण्यांची पुडी माझ्याकडे सरकवली, तेव्हा तर मला त्याचा फारच राग आला.

बाहेर पायऱ्यांवर बर्नी बसली होती. ती आईची सोबतीण, आईसारखीच वहीत सामने टिपणारी. जवळजवळ सगळे दौरे त्या दोघींनी एकाच गाडीतून केले. मी रागाने सगळं तिला सांगितलं आणि तिची वही मागितली. देते की नाही, असं वाटण्याइतका वेळ तिने लावला. तिच्या पानावर क्विन्लनचा चौकोन भरलेला होता. तिसरी बाद, झेल, फर्स्ट बेस.

"मग आईने का नाही लिहिलं?"

"तिने पाहिलं नाही म्हणून. मी म्हटलं, अगं माझं बघून लिही. तर म्हणे, मी न पाहिलेलं लिहीत नाही. हट्टी बाई."

"पहिल्या रांगेत बसून पाहिलं नाही?"

बर्नीने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पोटात कळ आली की ती खाली वाकून बसायची. डोकं पार गुडघ्यांत. दोन-तीन मिनिटं. मग उठून पेन्सिल शोधायची."

"किती दिवस चाललं होतं हे?"

"मला शपथ घातली होती गं पोरी. ग्वेन, तुला कळलं तर तू दौरे बंद करशील, म्हणाली."

केलेच असते. डॉक्टर जूनमध्ये आम्हाला म्हणाले होते की तुम्ही फार उशिरा आलात, आणि मी त्यांच्यावर चिडले होते.

मी वही मागे उलटायला लागले. मे महिन्यात तीन कोरे चौकोन. एप्रिलमध्ये घरच्या दोन सराव सामन्यांत एकेक. त्यामागे हिवाळा, मग गेल्या वर्षीचा हंगाम. बर्नी म्हणाली, "पुरे आता," आणि माझ्या मनगटावर हात ठेवला. मी तो बाजूला केला.

गेल्या ऑगस्टच्या नऊ तारखेला विचिताच्या सामन्यात चौथ्या डावात एक चौकोन कोरा होता. त्याच्या आधी एकही नाही. त्या दौऱ्यावर बर्नी नव्हती, तिच्या नातवाचं लग्न होतं. आईच्या शेजारच्या खुर्चीवर मी होते. सातही डाव मी पुस्तक वाचत होते; चांगलं पुस्तक होतं, आजही त्यातली पानं आठवतात. मध्ये एकदा आईने विचारलं होतं, आत्ता काय झालं, कोण बाद झाली? मी मान वर न करता म्हटलं होतं, मला काय माहीत.

आत संघांची नावं पुकारायला लागले होते. बर्नी म्हणाली, चल, आपल्या जागा जातील. मी म्हटलं, तू हो पुढे.