निळं पाणी

भूकंपात जमीनदोस्त झालेल्या जुन्या गावठाणात आता फक्त दगड आणि एक विहीर उरली होती, पण रविवारी तिथं पाय ठेवायला जागा नसायची. पाणी हिरवंगार. नीळबाबा तांब्यात अंगारा टाकायचा, फडकं बांधायचा आणि गर्जायचा, "गाडलेल्या जिवांचा आशीर्वाद असंल तर सकाळी पाणी निळं! पोरांना पाजा, डॉक्टरकीचा नंबर पक्का!" लातूरच्या क्लासला पोरं घातलेले आईबाप तांबे-बाटल्या घेऊन रांगेत. बाबा स्वतः मात्र बोअरचं पाणी प्यायचा.

साखराबाईच्या तांब्यातलं पाणी निळं झालं तेव्हा तिनं तांब्या उराशी धरला. त्र्याण्णवच्या त्या पहाटे भिंतीखाली गेलेल्या तिच्या सहा वर्षांच्या लेकीच्या, शिवकन्येच्या अंगात निळाच झगा होता. "लेकीनं वळख दिली," म्हणत तिनं ते पाणी लातूरला नातीला, तनुजाला, नेऊन पाजलं. स्वतः थेंबही घेतला नाही. पोरीला पुरावं म्हणून.

चौथ्या दिवशी तनुजा दवाखान्यात. उलट्या थांबेनात, डोळे पिवळे. तिच्या क्लासच्या मनस्विनी मॅडमनी बाटलीतलं निळं पाणी पाहिलं आणि थेट साखराबाईचं घर गाठलं. पूर्वी त्यांनी समुद्रातल्या आणि गोड्या पाण्यातल्या नील-हरित जिवाणूंच्या जनुकांवर संशोधन केलं होतं. वाटेत विहिरीवरून आणलेलं पाणी बरणीत ओतून त्या म्हणाल्या, "आजी, घरातलं मीठ टाका."

साखराबाईनं मूठभर टाकलं. मंत्र नाही, बाबा नाही. सकाळी बरणी निळी.

"समुद्रातल्या जिवाणूंच्या जनुकांत खारटपणा सोसायची सोय असते. विहिरीचं पाणी हिरवं करणाऱ्या जिवाणूंना ती नाही. मीठ पडलं की ते फुटतात, आतला निळा रंग बाहेर येतो. त्यांच्या पोटातलं विषही येतं."

साखराबाई बरणीकडे बघतच राहिली. "म्हंजी माझी शिवकन्या आलीच न्हाई?"

"नाही, आजी."

ती खूप रडली. दुसऱ्यांदा लेक गेल्यासारखी रडली.

रविवारी ती रांग मोडून पुढं गेली आणि बाबाच्या अंगाऱ्याची चिमूट जिभेवर ठेवली.

"मीठ हाय!" ती लोकांकडे वळली. "चाखून बघा. घरी जाऊन करून बघा. इचारल्याबिगर काही मानू नका. माझी नात दवाखान्यात तळमळायलीय. भूकंपानं लेक नेली, त्यात माझी काय चूक? पण हिला इख मी पाजलं, माझ्या हातानं."

बाबा काहीतरी बोलायला गेला, पण कुणी ऐकेना. एकेक बाटली दगडांवर उपडी होऊ लागली. साखराबाई तोवर लातूरच्या बसकडे निघाली होती. तनुजाबद्दल डॉक्टर अजून काहीच सांगत नव्हते.