खांबेटे वसंत, नामशेष

सोमवारी माझं नाव कार्डावर चुकीच्या रकान्यात पडलं आणि मंगळवारी सकाळी दाढी करताना माझ्या नाकपुड्या कपाळावर होत्या.

चूक माझीच. संग्रहालयात मी हाडांची मापं घेतो, कार्डं लिहितो. हे कार्ड कच्छच्या खडकात सापडलेल्या डॉल्फिनच्या कवटीचं होतं. शास्त्रीय नावात आधी वंश, मग जाती. आपल्या फॉर्मांतही आधी आडनाव, मग नाव. हात सवयीचा गुलाम. ‘मापं घेणारा’ हा रकाना सोडून मी वर, शास्त्रीय नावाच्या रकान्यातच, शाईनं लिहून बसलो: खांबेटे वसंत. खाली आधीच छापलेलं होतं: सद्यस्थिती, नामशेष.

विभागप्रमुख गर्गे मॅडमनी कार्ड वाचलं, मग मला न्याहाळलं.

“खाडाखोड चालत नाही,” त्या म्हणाल्या. “कार्डाप्रमाणे नमुना असावा लागतो.”

दुपारपर्यंत माझा जबडा बेचाळीस सेंटीमीटर झाला. दात एका बाजूला तेवीस. वरच्या जबड्याची हाडं कपाळावर सरकताना पाट ओढल्यासारखा आवाज येत होता. डॉल्फिनची कवटी डावीकडे कलती असते, त्यामुळे मी सारखा डाव्या चौकटीला धडकत होतो. जबडा वाढेल तशी समोरची भिंत जवळ येत होती. बोलायला गेलो की कपाळातून शिट्टी निघे.

मॅडमनी सगळी मापं ताडून पाहिली. फक्त कुळ राहिलं होतं. कुळ ठरतं कानाच्या हाडावरून.

“उद्या चारला तुमचं ते हाड काढू,” त्या म्हणाल्या. “मग काच बसवू.”

मला घरी जायचं होतं. इतका मी कधी घाबरलो नव्हतो. मॅडम नियमाच्या पक्क्या, पण एक सुटका त्यांनीच सांगितली: घरच्या माणसानं समोर उभं राहून माझं नाव घेतलं, तर कार्ड रद्द. त्यांनी स्वतः माझ्या बायकोला, शालनला, फोन केला.

बुधवारी पावणेचारला शालनची पावलं मला, डॉल्फिनला येतात तशी, खालच्या जबड्यात ऐकू आली. तिनं मला लगेच ओळखलं. शर्टाला इस्त्री तिचीच होती. मॅडमनी विचारलं, यांचं नाव काय?

शालननं पदर सावरला. लग्नाला बावीस वर्षं झाली, ती मला ‘अहो’च म्हणते.

“मी त्यांचं नाव घेत नाही.”

“उखाण्यात घ्या हवं तर.”

ती लाजली. मी जीव खाऊन शिट्टी मारली. तिनं इकडेतिकडे पाहिलं, तिला ट्रेमधल्या कच्छच्या कवटीपुढचं कार्ड दिसलं आणि ती सुटल्यासारखी हसली.

“हे काय, इथं लिहिलंय की,” ती म्हणाली.

मॅडमनी कार्डावर शिक्का मारला आणि चिमटा उचलला. भिंत माझ्या दातांना टेकली.

“अहो, चला ना,” शालन म्हणाली.

माझ्या कपाळातून नुसती हवा गेली. ट्रेमधल्या कवटीनं ओ दिली, माझ्याच आवाजात, आणि शालन तिकडे वळली.