खांद्यावरचा हात

फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढायचा आणि बाजूला ठेवायचा. बस, एवढंच! पण हे एवढंच जमलं त्या दिवसापासून मी दहावीतली कुणीतरी रेवा राहिले नाही, फोटो काढणारी रेवा झाले. समोरून फ्लॅश मारला की माणूस आधार कार्डावरच्यासारखा चपटा दिसतो. तोच फ्लॅश डोक्याच्या जरा वर, एका बाजूला, पांढऱ्या छत्रीतून मारला की नाकाला नाक येतं आणि डोळ्यांत जीव येतो. फ्लॅश पनवेलच्या धर्मराजकाकांच्या स्टुडिओतला जुना, कॅमेरा मामाचा, लांबून फ्लॅश उडवणारा ट्रिगर सगळ्यात स्वस्तातला, आणि सावली उजळायला मखरातला उरलेला थर्माकोल. एवढ्यावर मी स्नेहसंमेलनात असे फोटो काढले की आमच्या मुख्याध्यापिकांनी डीपी बदलला. मुख्याध्यापिकांनी!

त्यामुळे अंकिताने विचारलं तेव्हा मी विचारच केला नाही.

अंकिता माझ्या बाकावर बसते. मी कामोठ्याच्या सेक्टरमध्ये बिल्डिंगीत राहते, ती मागच्या जुन्या गावात. तिचे बाबा, बळीरामकाका, द्रोणागिरीच्या गोदामांवर ट्रक चालवायचे. दिवाळीनंतर त्यांचं लिव्हर गेलं. हॉस्पिटलने त्यांना घरी पाठवलं होतं, आणि का पाठवलं ते त्यांच्यासकट घरात सगळ्यांना माहीत होतं.

"बाबांना फोटो काढून घ्यायचाय," डबा खाताना ती म्हणाली. "एकट्याचा."

"वाढदिवस आहे?"

"नाही गं." तिने भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवला. "नंतरसाठी."

त्यांच्या गावात कुणी गेलं की नाक्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो. दहा फुटी, तेराव्यापर्यंत. गावातून जाणारा-येणारा प्रत्येक जण त्या माणसाला शेवटचं बघतो ते तिथेच.

रविवारी दुपारी मी सगळं सामान घेऊन पोचले. स्टँड तेवढा माझ्याकडे नव्हता, मी झाडूची काठी खुर्चीला बांधायच्या तयारीने गेले होते. पण पलंगाशेजारी काय उभं होतं? सलाइनचा स्टँड. उंची कमी-जास्त होते, खाली चाकंसुद्धा! "अगं, हा तर भारीच आहे!" मी ओरडले. मग मला कळलं मी कशाला भारी म्हणाले ते. अंकिताने रिकामी बाटली काढून दिली.

काका उशीला टेकून बघत होते. पिवळे डोळे, गळ्याची हाडं वर आलेली. "लाव, लाव," ते म्हणाले. "माज्यापेक्षा तो ताठ उभा ऱ्हातोय."

मी हुकाला फ्लॅश आणि छत्री रिबिनीने बांधत होते तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं.

"बाय, माज्या भावाचा फ्लेक्स बघितलावतास तू?"

"नाही काका."

"त्याचा एकल्याचा फोटोच नवता घरात. कोनाच्या तरी हळदीतला कापला. खांद्यावर कोनाचा तरी हात. कापलेला. चार बोटं नुसती. तेरा दिस नाक्यावर ती परक्याची बोटं घेऊन उभा होता बिचारा." त्यांना दम लागला. "माज्या खांद्यावर कोनाचा हात नको. समाजलं?"

"पाच मिनिटांत काढते काका. टेन्शनच घेऊ नका."

हे मी म्हणाले. पाच मिनिटं. मला आजही ते माझ्याच आवाजात ऐकू येतं.

मी अंकितावर चाचणी घेतली. धप्प! फ्लॅश उडाला, कॅमेऱ्याच्या पडद्यावर अंकिता एखाद्या मासिकातल्यासारखी. मग मनिषाकाकू, म्हणजे तिची आई, काकांची दाढी करायला बसल्या. सावकाश, कातडी ताणून. पांढरा शर्ट घातला, तो मागून चिमट्यांनी आवळला. काकांना स्टुलावर बसवलं. अंकिता आधीच कानात म्हणाली होती, "दहा मिनिटं बसतात, मग घसरायला लागतात."

"काका, इकडे बघा."

खटक. फोटो काळा.

पुन्हा. काळा. फ्लॅश उडतच नव्हता, आणि कॅमेरा मी फ्लॅशच्याच हिशेबाने लावला होता.

मी ट्रिगरचे सेल बदलले. ट्रिगर काढून पुन्हा बसवला. फ्लॅशचं तोंड हलवलं, चॅनल बदलला, पुन्हा पहिल्यावर आणला.

"काय गो बाय," काका म्हणाले, "तुज्या लायटीचं पन लिव्हर गेलं काय?"

"गप बसा वो तुमी," काकू म्हणाल्या. "बोलून ताकद घालवू नका."

आम्ही हसलो. काका पण हसले. केवढे छान दिसत होते! मी बटण दाबलं, आणि फोटो काळा.

नंतर धर्मराजकाकांनी सांगितलं की हे फ्लॅश तीन मिनिटं काही केलं नाही की आपोआप झोपतात. एक बटण दाबून ठेवलं की ती झोप कायमची बंद करता येते. दाढीच्या वेळात तो झोपला होता, आणि माझा स्वस्त ट्रिगर त्याला उठवू शकत नव्हता. मला छत्री माहीत होती, थर्माकोल माहीत होता, ते एक बटण माहीत नव्हतं.

दहा मिनिटं होऊन गेली. काका एका बाजूला घसरायला लागले. काकूंनी बाजूला उभं राहून त्यांचा उजवा खांदा धरला. मी वैतागून फ्लॅश बंद केला, परत चालू केला, बटण दाबलं.

धप्प.

आणि तो फोटो! काकांची मान सरळ, डोळे थेट माझ्याकडे. आधार मिळाल्यावर चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरलेला. आणि खांद्यावर काकूंचा हात. चार बोटं, हिरव्या बांगड्या.

"काकू, हात काढा, एकच सेकंद."

काकूंनी हात काढला. काका कलले, डोळे मिटले. मी आणखी दोन काढले. दोन्हीत मिटलेले.

"पुरं," काका म्हणाले. आडवं झाल्यावर त्यांनी विचारलं, "झाला ना एकल्याचा?"

"झाला काका," मी म्हणाले. "एकदम मस्त."

घरी येऊन मोबाइलमधल्या अ‍ॅपवर मी तो हात पुसला. पुसलेल्या जागी डावा खांदा उलटा करून चिकटवला. एक तास लागला. नीट बघितलं तर तिथे उजेड भलत्याच बाजूने पडतो, एकाच माणसावर दोन सूर्य असल्यासारखा. पण हे मलाच दिसणार होतं. मला वाटलं, मी शब्द पाळला.

फोटोनंतर नवव्या दिवशी काका गेले.

फ्लेक्स लागला. नाक्यावर लोक थांबून म्हणायचे, बळीराम किती चांगला आलाय, कोणी काढला फोटो? अंकिता माझं नाव सांगायची. आणि मला, खरं लिहायचं तर, बरं वाटायचं.

काकू नाक्यावर गेल्याच नव्हत्या. तेराव्याला संध्याकाळी अंकिताच्या भावाने, हृतिकने, फ्लेक्स उतरवून आणला आणि गुंडाळायच्या आधी अंगणात पसरला. काकू बाहेर आल्या. हातात बांगड्या नव्हत्या. त्या खाली बसल्या आणि बराच वेळ काकांच्या उजव्या खांद्याकडे बघत राहिल्या.

"मी हितं धरलं होतं ना यांना?"

"हो काकू."

"मंग कुठं गेला माजा हात?"

मी पटापट सांगून टाकलं. काका म्हणाले होते, कुणाचा हात नको. भावाच्या फ्लेक्सवर होता तसा. म्हणून मी पुसला.

"परक्याचा नको बोलले ते," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "मी परकी होते काय, बाय?"

काकूंचा हात चालेल का, हे मी काकांना विचारलंच नव्हतं. नऊ दिवस होते. मी रोज अंकिताच्या शेजारी बसत होते.

"खरा फोटो आहे माझ्याकडे," मी म्हणाले. "पुसायच्या आधीचा. मोठा करून आणते."

"आन," त्या म्हणाल्या. "पन यांना कसं दावू आता? मी सोडलं नवतं तुमाला, ह्ये?"

मग त्यांनी फ्लेक्सवर, जिथे धरलं होतं त्याच जागी, हात ठेवला. दहा फुटी फोटोत काकांचा खांदा एवढा मोठा होता की त्यावर काकूंचा हात लहान मुलीचा वाटत होता. हृतिक एक टोक धरून उभा होता, फ्लेक्स गुंडाळायचा होता. त्या हात उचलत नव्हत्या, आणि त्यांना उचला म्हणायची आमच्यातल्या कुणाची हिंमत होत नव्हती.