होडीचं ग्रीस

“बाबा, माझ्या गाडीला तू काय केलंस?” हे तोंडावर विचारून दाखव, अशी पैज माझ्या मैत्रिणीने, तेजस्वीने लावली होती. उद्या भाट्याच्या किनाऱ्यावर रिमोटच्या गाड्यांची शर्यत, आणि माझी गाडी कटकट करत थांबत होती. मी बाबांना विचारलंच.

“होडीच्या इंजिनाचं ग्रीस चोपडलं. खाऱ्या हवेने गंजली असती ना गो.”

मी चाक काढलं आणि हादरलेच. ग्रीसला चिकटलेल्या वाळूने पुढची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा अर्धा खाल्ला होता. सस्पेन्शनची स्प्रिंगही वाळूने गच्च.

“म्हणजे मीच बिघडवली?” बाबांचा चेहरा उतरला.

“आता शर्यतीतून नाव मागे घे,” आई म्हणाली.

“नाही. स्प्रिंग धुते, पुढचा शाफ्ट काढून टाकते. उद्या गाडी मागच्या चाकांच्या जोरावर पळवणार. आणि बाबा, तू बरोबर यायचंस, ग्रीस घरी ठेवून.”