बंदीच्या मांडवाला पालवी

मी बेशरमाच्या झुडपाची कांडी. नाव ऐकून नाक मुरडू नका, माझं बारसं काही मी केलेलं नाही. माझ्या एका कांडीच्या शंभर होतात, म्हणून ‘मी’ म्हणजे आम्ही सगळ्याच, असं धरून चाला.

निजामाचं राज्य जाऊन आमच्या वाशी गावात नवीकोरी ग्रामपंचायत बसली, तेव्हाची ही गोष्ट. वाशीच्या आठवडी बाजारात खाजाभाई माझ्या मोळ्या मांडून ओरडायचे, “कुंपण घ्या कुंपण! शेळी तोंड लावत न्हाय, पानी मागत न्हाय!” स्तुती कुणाला आवडत नाही? मी नुसती फुलून जायचे.

लोकांनी मला बांधावर रोवलं आणि तिथून मी ओढ्यात उतरले. पाणी दिसलं की मला राहवतच नाही. दोन-तीन पावसाळ्यांत सगळा ओढा माझा झाला. तिथं आधीपासून लव्हाळा होता, बेडूक होते, पाणकोंबड्या होत्या. मी कुणाला ‘जरा सरका’ असंही म्हटलं नाही.

त्याच लव्हाळ्याच्या चटया विणून नागूबाईचं पोट चालायचं. खाजाभाई बाजारात बसायचे ती चटईही तिचीच. ती विरली, तसे ते नवी मागायला गेले.

“विणू कशानं?” नागूबाई म्हणाली. “लव्हाळा तुमच्या कांड्यांनी गिळला. आता म्या खाऊ काय, तुमीच सांगा.”

खाजाभाई खाली मान घालून तडक पंचायतीत गेले. “सरपंच, ह्या मालाची विक्री बंद करा. सुरुवात माझ्यापासूनच करा.”

नव्या पंचायतीनं अजून कशावरच बंदी घातली नव्हती, याची गोरोबा सरपंचांना खंत होतीच. टाळ्यांच्या गजरात ठराव झाला.

बंदीचा समारंभही पंचायतीच्या दारात थाटात करायचा ठरला. मांडवाला खांब हवे होते आणि जप्त केलेल्या माझ्या मोळ्या समोरच पडल्या होत्या! मग मलाच जुड्या बांधून, खड्डे खणून रोवलं, धूळ बसावी म्हणून भोवती पाणीही मारलं. भाषणं झाली, हार पडले, मांडव सोडायचा मात्र राहून गेला. पंधरवड्यात खांबांना पालवी फुटली आणि गोरोबा मागच्या दारानं पंचायतीत जाऊ लागले.

शेवटी खाजाभाई आणि नागूबाईनंच आम्हाला मुळासकट उपटलं. गुडघाभर चिखलात उतरून ओढाही मोकळा केला. खाजाभाई आता कुंपणाला बोराटीच्या काटेरी फांद्या विकतात. यंदा लव्हाळा परत आला, आणि काल ते नागूबाईच्या घरी नव्या चटईवर बसून चहा पिऊन गेले. खरं सांगते, मला बरं वाटलं.

मी नागूबाईच्या चुलीपाशी वाळत पडले आहे. विनवणी एकच, मला चुलीतच घाला, दया येऊन उकिरड्यावर टाकू नका. मी सुधारले आहे हो! पण जरा लवकर करा. मघाशी नागूबाईनं हात धुतले, ते पाणी माझ्यापर्यंत आलंय.